मासा बदलतो तो कसा : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मासे बदलतात की नाही यावर आता खरं तर कुणाचंच भांडण उरलेलं नाही. उत्क्रांती मानणारे म्हणतात बदलतात, आणि इंटेलिजंट डिझाइनवाले, म्हणजे सजीवांची रचना कुणीतरी डोकं लावून आखलेली आहे असं म्हणणारे, ते पण म्हणतात हो, बदलतात की. भांडण आहे ते एवढंच की बदलाचा माल येतो कुठून. आपोआप होणाऱ्या बारीकसारीक फरकांतून आणि त्यातली जी पिल्लं टिकतात त्यांच्यातून, का आधीच कुणीतरी आत बांधून दिलेल्या शिदोरीतून. हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला, आपल्याकडं तो मंत्र्यांच्या भाषणात आणि शाळेच्या पुस्तकात येऊन गेला, पण मागं मागं बघत गेलं तर दर वळणावर कुठला ना कुठला मासा भेटतोच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसांसाठी लिहितोय म्हणून सुरुवात आपल्याच नद्यांपासून करतो.

कणकुंबीला गेला असाल तर बघितलं असेल, मलप्रभा तिथं उगम पावते आणि पूर्वेला निघते, सौंदत्तीच्या धरणात जाते, पुढं कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला. आणि तिथंच जवळ कळसा नाला आहे, त्याचं पाणी मात्र म्हादईतून गोव्याच्या समुद्राला. मधे म्हणाल तर एक टेकाड. माणूस चालत ओलांडतो, पाऊस दोन्हीकडं सारखाच पडतो, पण मासा ओलांडणार कसा, त्यामुळं एकाच डोंगराच्या दोन कुशीतले मासे किती वर्षं एकमेकांपासून तुटलेले आहेत ते विचार करा. म्हादई लवादानं २०१८ मध्ये कळसा आणि बंडुरी मिळून ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवायला कर्नाटकाला परवानगी दिली, त्यावर तीन राज्यांत पेटलेलं राजकारण सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण पाणी वळलं की त्यातून पोहणारं पण वळतं ही बाजू क्वचितच कोण बोलतं. मासे बदलतात ते असंच, तुटल्यामुळं, आणि मग कधीतरी परत जोडल्यामुळं.

आता वरच्या अंगाला, जिथं पात्र खडकाळ आहे तिथं, पावसाळा ओसरल्यावर दगड उलटून बघा. बोटभर लांबीचा मातकट मासा दगडाला धरून बसलेला असतो, मल्या म्हणतात त्याला. पोट एकदम सपाट, तोंड खालच्या बाजूला, आणि तोंडाच्या मागं हनुवटीच्या जागी एक मांसल गोल चकती. ओढ कितीही असू दे, चकती दगडाला लावली की गडी हलत नाही. हातावर घेतला तर तळव्याला धरल्यासारखा वाटतो. हा मासा आणि आपली खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, हे दोन्ही शास्त्राच्या वहीत पहिल्यांदा नोंदवले ते कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं, १८३९ मध्ये. मुंबई इलाख्याचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर होता तो, घोड्यावरून दख्खन पालथं घालत माणसं, पिकं, पक्षी, मासे सगळं लिहीत सुटलेला. त्याला चकती कशी आली याच्याशी देणंघेणं नव्हतं, नोंद झाली की काम झालं.

चकतीचा प्रश्न खऱ्या अर्थानं अंगावर घेतला तो सुंदरलाल होरांनी. हे नाव आपल्याकडं कुणाला फारसं माहीत नाही आणि ते लई वाईट आहे. पंजाबात जन्म, पुढं झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे डायरेक्टर, १९५५ मध्ये गेले. या चकतीवाल्या माशांच्या कुळावर त्यांनी १९२१ मध्येच लिहिलं आणि १९३० मध्ये डोंगरी ओढ्यांतल्या प्राण्यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला, लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापलेला. त्यांनी दाखवलं ते असं की जोराच्या पाण्यात चिकटून राहायची सोय वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या अवयवातून केलीये. मल्या हा रोहूच्या नात्यातला, त्यानं ओठ आणि हनुवटी वापरली. डोंगरी शिंगट्यांपैकी काहींनी छातीच्या कातड्याला घड्या पाडून त्याचं काम भागवलं. आणखी काहींनी पुढचे-मागचे पर पसरट करून सगळं अंगच दगडाला लावलं. काम एक, सामान ज्याच्या घरात जे होतं ते. आता डिझाइनवाला म्हणेल, बघा, एकाच कारागिराचा हात दिसतो की नाही. मला उलटं वाटतं, कारागीर एकच असता तर एक चांगली चकती जमल्यावर तीच सगळ्यांना बसवली असती, दर वेळी नव्यानं जुगाड कशाला. पण हा युक्तिवाद झाला, पुरावा नव्हे, आणि असल्या युक्तिवादावर दोन्ही बाजूंनी पन्नास वर्षं काढलीत.

होरांनी आणखी एक धाडसी गोष्ट मांडली, सातपुडा सिद्धांत म्हणून ओळखतात. पश्चिम घाटातले काही डोंगरी मासे आसाम-मलायाकडच्या माशांसारखे का दिसतात, तर ते सातपुड्याच्या रांगेतून ओढ्या-ओढ्यानं सरकत इकडं आले असणार. पुढच्या लोकांनी यातल्या बऱ्याच गोष्टींना आव्हान दिलं, काळाचं गणित जुळत नाही म्हणून. ते सोडा. महत्त्वाचं हे की होरा जे म्हणत होते ते तपासता येत होतं आणि खोटं ठरायला मोकळं होतं.

गंमत म्हणजे हाच माणूस जुन्या पोथ्या पण उघडून बसायचा. सुश्रुतसंहितेत माशांच्या मांसाबद्दल लिहिताना एक वाक्य येतं, नदीतले मासे मधल्या भागात जड कारण ते तोंड आणि शेपटीच्या जोरावर फिरतात, आणि तळ्यातल्या माशांचं डोकं हलकं. विषय पचायला जड-हलकं हाच, पण मासा राहतो कुठं, फिरतो कसा आणि अंग कसलं यांचा मेळ त्या वैद्यानं घातला होता हे होरांनी १९३५ मध्ये लिहून दाखवलं. तसंच मानसोल्लास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, साधारण ११२९ सालचा ग्रंथ, म्हणजे आपल्याच मुलखावरच्या राजाचा, त्यात गळ टाकून मासे धरायच्या खेळावर आख्खं प्रकरण आहे, कुठला मासा कुठं सापडतो, कुणाला काय आमिष, सगळं. निरीक्षण आपल्याकडं होतं. म्हणून लगेच उत्क्रांती पण आपल्याला माहीत होती असं म्हणू नये, दोन्हीत फरक आहे. मत्स्यावतारापासून दशावतार म्हणजे उत्क्रांतीच की, असं जे फिरत असतं त्याबद्दल पण तेच. क्रम बघून मोठमोठ्यांना मौज वाटलीये, जे. बी. एस. हाल्डेन हे नावाजलेले जीवशास्त्रज्ञ सुद्धा त्यावर बोलून गेलेत, हा माणूस १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला आणि भुवनेश्वरात वारला. पण मनूच्या गोष्टीतला मासा वाढत वाढत मोठा होतो, त्याची जात बदलत नाही, आणि तो देव असतो. श्रद्धेचा विषय श्रद्धेच्या जागी ठेवला की दोघांचाही मान राहतो.

युरोपात डिझाइनचा विचार माशावर येऊन ठेपला तो १८०२ मध्ये. विल्यम पेली हा पाद्री. त्याच्या घड्याळाचा दाखला सगळ्यांना माहीत, वाटेत घड्याळ सापडलं तर ते बनवणारा कुणीतरी असणारच. पण त्याच पुस्तकात माशाच्या डोळ्याचं उदाहरण आहे ते जास्त पक्कं होतं असं मला वाटतं. पाण्यातून डोळ्यात येणारा प्रकाश हवेतल्यापेक्षा कमी वळतो, म्हणून माशाच्या डोळ्यातलं भिंग जमिनीवरच्या प्राण्यापेक्षा जास्त गोल लागतं, आणि बघा, ते तसंच आहे. बाजारात बांगडा साफ करताना डोळा फुटला तर आतून जो साबुदाण्यासारखा गोळा निघतो तो हाच. पेली म्हणाला एवढी अचूक जुळणी आपोआप कशी होईल. प्रश्न अगदी रास्त होता, त्या वेळी दुसरं उत्तरच कुणाकडं नव्हतं.

मग एडवर्ड ब्लाइथ, इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ. १८४१ पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमचा क्युरेटर. त्याआधीच १८३५ च्या सुमारास त्यानं लिहिलं होतं की निसर्गात दुबळे आणि वेगळे पडलेले प्राणी गळतात आणि जात आपल्या मूळ साच्यावर राहते. म्हणजे निवड होते हे त्याला दिसलं होतं, पण त्याच्या हिशोबात ती निवड बदल घडवण्यासाठी नव्हती, बदल थांबवण्यासाठी होती. आजचे डिझाइनवाले 'जातीच्या आत बदल चालेल, जातीबाहेर नाही' म्हणतात त्याचं मूळ असल्याच विचारात आहे. आणि लुई अगासी, त्या काळचा माशांचा सगळ्यात मोठा जाणकार, जीवाश्म माशांवर त्याच्या तोडीचं काम कुणाचंच नव्हतं, तो तर डार्विनच्या ठाम विरोधात. १८६५ मध्ये मुद्दाम ब्राझीलला गेला, ॲमेझॉनचे मासे गोळा केले, मत तेच की जो मासा जिथं आहे तिथंच तो निर्माण केलेला आहे. १८७३ मध्ये मरेपर्यंत त्यानं मत बदललं नाही. विरोधक सगळे अडाणी होते अशी समजूत असेल तर अगासीकडं बघावं.

डार्विन स्वतः पण सगळीकडं बरोबर नव्हता. १८५९ च्या पुस्तकात गुहेतल्या आंधळ्या प्राण्यांबद्दल तो म्हणतो की डोळे न वापरल्यामुळं गेले. हे आज कुणी असं मानत नाही. मेक्सिकोच्या गुहांतला आंधळा मासा, ज्याचं शास्त्रीय वर्णन १९३६ चं, त्याच्यावर आता एवढं काम झालंय की त्याच्यावरच वेगळं टिपण होईल. अंड्यातून निघायच्या आधी त्याला डोळे बनायला सुरुवात होते आणि मग ते विरघळतात. डोळे ठेवायचा खर्च किती तर २०१५ च्या एका मापनात एक ग्रॅमच्या पिल्लाला विश्रांतीतल्या एकूण ऊर्जेच्या १५ टक्क्यांच्या आसपास. अंधारात, जिथं खायचेच वांधे, तिथं हा खर्च वाचला तर कोण टिकणार ते सांगायला नको. आणि सगळ्यात भारी भाग हा, की दोन वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला तर काही पिल्लांना बघणारे डोळे येतात. २००८ मध्ये छापून आलंय. कारण एका गुहेत डोळ्याचा एक भाग बिघडलाय, दुसरीत दुसरा, आणि दोघांचं चांगलं-चांगलं एकत्र आलं की काम चालू. अमेरिकेतल्या काही सृष्टिवादी, म्हणजे देवानंच सगळे जीव घडवले असं मानणाऱ्या, संस्था हाच मासा घेऊन म्हणतात की माशाच्या आतच सेन्सर आणि प्रोग्रॅम बसवलेला आहे, अंधार जाणवला की तो डोळे बंद करतो. असा एकच प्रोग्रॅम असता तर प्रत्येक गुहेत तोच भाग बंद झाला असता, नाही का. आपल्याकडं पण आंधळा मासा आहे बरं का, केरळात कोट्टायमच्या विहिरींत सापडलेला, १९५० मध्ये नाव मिळालेला, लालसर रंगाचा बारीक मासा.

आता गप्पी. आपल्या आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला गटारीत, हौदात, पडक्या विहिरीत सोडतात तोच गप्पी मासा, मूळचा दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादकडचा. उत्क्रांतीच्या इतिहासात या चिंधी माशाचं स्थान फार वरचं आहे. त्रिनिदादच्या उत्तरेच्या डोंगरात ओढ्यांना धबधबे आहेत, गोकाकसारखे मोठे नव्हे, छोटे, पण मोठा शिकारी मासा वर चढू शकत नाही एवढे. धबधब्याच्या खाली गप्पीला खाणारे मोठे मासे, वर फक्त एक लहान मासा जो क्वचित पिल्लं खातो. खालचे नर फिकट, वरचे रंगीत ठिपक्यांचे. जॉन एंडलर यानं १९७० च्या दशकात याच्यावर हात घातला. नुसतं बघून थांबला नाही, काचघरात तळी बांधली, तळाला काहींत बारीक खडी काहींत जाड, काहींत शिकारी सोडला काहींत नाही. काही पिढ्यांत, शिकारी होता तिथं नरांचे ठिपके खडीशी मिळतेजुळते झाले आणि शिकारी नव्हता तिथं उठून दिसणारे, कारण माद्यांना भडक नर आवडतो. १९८० मध्ये हे छापून आलं.

शिवाय १९७६ मध्ये एंडलरनं शिकाऱ्याच्या तोंडचे गप्पी उचलून धबधब्यावरच्या एका ओढ्यात सोडले जिथं गप्पी नव्हतेच. पुढं डेव्हिड रेझनिक आणि मंडळींनी अकरा वर्षांनी, म्हणजे गप्पीच्या ३० ते ६० पिढ्यांनी, तपासलं. नव्या जागचे मासे उशिरा वयात येत होते, मोठे होऊन येत होते, पिल्लं कमी पण मोठी देत होते. इथं एक शंका कुणीही काढेल, की खाणंपिणं बदललं म्हणून तसं झालं असेल, रक्तात काही बदललं नसेल. बरोबर आहे. म्हणून त्यांनी दोन्हीकडचे मासे लॅबमध्ये आणून एकसारखं मोजून खायला घालून दोन पिढ्या वाढवले, आणि नातवंडांत पण फरक राहिला. हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण बदल पोटातून आलाय का वंशातून हे वेगळं काढायची दुसरी सरळ रीत नाही. आपल्या तळ्यातली चिलापी घ्या. १९५२ मध्ये श्रीलंकेहून भारतात आणली, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते त्यामुळं वाचतात भरपूर, आणि गर्दीच्या तळ्यात हा मासा तळहाताएवढा पण न होता अंडी घालायला लागतो. हे सगळं उत्क्रांतीनंच झालं म्हणणं घाईचं होईल, बराच भाग परिस्थितीनं आणलेला असतो, मोकळ्या पाण्यात तीच चिलापी मोठी होते.

१९९७ च्या पेपरात रेझनिकनी बदलाचा वेग काढला तर जीवाश्मात दिसतो त्याच्या दहा हजार ते एक कोटी पट. डिझाइनवाल्यांचं यावरचं उत्तर ठरलेलं, गप्पी शेवटी गप्पीच राहिला की. हो राहिला. अकरा वर्षांत त्याचा बगळा व्हायला पाहिजे होता असं कुणी म्हटलंच नव्हतं.

इंटेलिजंट डिझाइन हे नाव घेऊन जी चळवळ उभी राहिली तिचा इतिहास थोडक्यात असा. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी शाळेत सृष्टिवाद विज्ञान म्हणून शिकवता येणार नाही. त्यानंतर दोनच वर्षांत नवं पाठ्यपुस्तक आलं, त्याच्या आधीच्या कच्च्या प्रतींत जिथं जिथं सृष्टिनिर्मिती हा शब्द होता तिथं तिथं डिझाइन हा शब्द बसवलेला. या चळवळीचं मुख्य केंद्र असलेली सिएटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट १९९० ची. १९९६ मध्ये बायोकेमिस्ट मायकेल बीही यांनी मुद्दा मांडला की पेशीतली काही यंत्रं अशी आहेत की एक भाग काढला तर सगळं बंद, मग ती टप्प्याटप्प्यानं झाली कशी. पेलीच्या घड्याळापेक्षा हा मुद्दा वरच्या दर्जाचा होता हे मान्य करायला पाहिजे. २००५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेवरून खटला झाला, बीही साक्षीला उभे राहिले, आणि २० डिसेंबरला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नव्हे. शाळेचा विषय तिथं संपला. वाद संपला नाही.

आपल्याकडं हे वारं २०१८ च्या जानेवारीत आलं, केंद्रातले तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा, माकडाचा माणूस होताना कुणी बघितला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी मिळून निषेधाचं पत्रक काढलं. पुढं एनसीईआरटीनं, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि २०२३ मध्ये १८०० च्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याच्या विरोधातल्या पत्रावर सही केली. ही पुस्तकं वापरणारी आणि दहावीनंतर बायोलॉजी सोडणारी जी पोरं, त्यांच्या कानावर हा विषय पडणारच नाही.

बीहींचा नवा मुद्दा २०१९ च्या पुस्तकात आला आणि तो माशांना थेट लागू पडतो. ते म्हणतात निवड होते, मासे जुळवून घेतात, पण बहुतेक वेळा जीन मोडून किंवा बोथट करून. ओझं टाकून नाव हलकी करता येते पण त्यानं नाव बांधली जात नाही, असा सूर. हा मुद्दा पोकळ नाही. स्टिकलबॅक नावाचा काटेवाला छोटा मासा घ्या. समुद्रात त्याच्या अंगावर दोन्हीकडं हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, हिमयुगानंतर तो गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकला आणि तिथं चिलखत उतरलं. अलास्कातल्या लोबर्ग नावाच्या तळ्यात १९८२ मध्ये सगळे मासे विष घालून मारले होते, नंतर समुद्राकडून हा मासा आपला आपण येऊन राहिला, आणि १९९० पासून मायकेल बेल दरवर्षी नमुने घेत गेले. २००१ पर्यंत पूर्ण चिलखतवाले उरले ११ टक्के, कमी पट्ट्यांचे झाले ७५ टक्के. बारा वर्षांत, माणसाच्या डोळ्यांदेखत. हा फरक घडवणारा जीन सापडलाय, आणि चिलखत कमी करणारी त्याची आवृत्ती समुद्रातल्या माशांत पण थोड्या प्रमाणात लपलेली असते. काही तळ्यांत मागचे काटे पण गेले, तिथं जीन शाबूत पण त्याला चालू करणारा डीएनएचा तुकडाच गळालेला, २०१० मध्ये सिद्ध झालं. म्हणजे इथंपर्यंत बीही बरोबर.

पण अंटार्क्टिकाचा मासा त्यांच्या गणितात बसत नाही. तिथलं समुद्राचं पाणी शून्याच्या खाली असतं, माशाचं रक्त गोठायला पाहिजे, गोठत नाही, कारण रक्तात बर्फाच्या कणाला धरून ठेवणारं प्रथिन आहे. १९९७ मध्ये दाखवलं गेलं की याचा जीन पचनाच्या एका एन्झाइमच्या जीनमधून तयार झालाय, त्यातला बारीकसा तुकडा परत परत जोडला जाऊन. आणि उत्तरेच्या आर्क्टिकमधल्या कॉड माशाकडं जवळजवळ तसंच प्रथिन आहे, त्याचा उगम वेगळाच, २०१९ च्या कामाप्रमाणं ज्या डीएनएतून काहीच बनत नव्हतं तिथून. याला मोडणं म्हणता येत नाही. दोन ध्रुवांवर दोन वाटांनी एकच उत्तर, परत तीच होरांच्या चकतीची गोष्ट, फक्त यावेळी डीएनए वाचून.

घाण पाण्याचं पण असंच आहे. पंचगंगा, कृष्णेत मळी मिसळून मासे मेल्याच्या बातम्या आपण दर काही वर्षांनी वाचतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच की होईल सवय माशांना. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किलिफिश नावाच्या माशाला खरोखर झाली, बाकीचे मरतील त्याच्या काही हजार पट विषात तो राहतो. २०१६ मध्ये चार वेगवेगळ्या बंदरांतले मासे तपासले, चारही ठिकाणी पेशीतल्या विष ओळखणाऱ्या त्याच जीनच्या साखळीत बदल. हडसन नदीतल्या टॉमकॉडचं २०११ मध्ये सापडलं, एका जीनमधली फक्त सहा अक्षरं गळालेली आणि मासा पीसीबी या कारखान्याच्या विषारी रसायनाला दाद देईना. पण यामागची अट बघा. किलिफिशची संख्या अफाट, त्यामुळं कामाचे फरक आधीच गर्दीत कुणाकडं ना कुणाकडं होते. आपली खडशी संख्येनं कमी, वाढायला वर्षं घेणारी, अंडी घालायला स्वच्छ खडकाळ पाणी मागणारी, आणि वाटेत बंधारे. तिच्याकडं एवढी गर्दीच नाही. सवय होणार ती चिलापीला.

माणूस मुद्दाम निवड करतो तेव्हा काय होतं ते तर ताटातच आहे. हिडकल काय, इतर धरणं काय, कटला-रोहूचं बीज सोडतात, हे मासे मूळचे उत्तरेच्या नद्यांचे. बंद पाण्यात ते अंडी घालत नाहीत ही मोठी अडचण होती, ती हिरालाल चौधरी आणि मंडळींनी १० जुलै १९५७ ला पिट्यूटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या बारीक ग्रंथीचा, अर्क टोचून सोडवली. मग भुवनेश्वरच्या संस्थेनं नॉर्वेच्या लोकांबरोबर गंगा, यमुना, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा वेगवेगळ्या नद्यांतला रोहू गोळा करून चांगल्या वाढीचे निवडत नेले, दर पिढीला सरासरी १७ टक्के जास्त वाढ, १९९७ मध्ये जयंती रोहू म्हणून बाहेर पडला. इथं डिझाइन होतं, डिझायनर पण होता. पण त्यानं नवं काही घडवलं नाही, नद्यांनी वेगवेगळे करून ठेवलेले मासे एकत्र आणले आणि त्यातले निवडले.

न कळत पण निवड होते. वळवाचा, मृगाचा पाऊस झाला की खानापूर, चंदगड भागात चढणीचे मासे निघतात, ओढ्यातून भातखाचरात अंडी घालायला वर चढतात आणि वाटेतच बुट्ट्या आणि जाळ्या लावलेल्या असतात, गाबोळीचा मासा चवीला भारी म्हणून त्यालाच जास्त मागणी. धरणात ठेक्याची मासेमारी, तिथं मोठ्या आसाचं जाळं मोठा मासा उचलतं. डेव्हिड कोनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी सिल्व्हरसाइड नावाच्या माशावर हा खेळ टाक्यांत करून बघितला, काही टाक्यांतून दर पिढीला सगळ्यात मोठे ९० टक्के काढायचे, काहींतून सगळ्यात लहान ९० टक्के. चार पिढ्यांत फरक एवढा की लहान काढलेल्या टाक्यांतून मिळणाऱ्या माशांचं वजन मोठे काढलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट. २००२ चं काम. पुढं त्यांनी काढणं थांबवून पाच पिढ्या वाट बघितली, मासा परत वाढायला लागला पण आधीच्या मापाला पोचला नाही. सिल्व्हरसाइडची एक पिढी वर्षभराची असते, खडशीला अंडी धरायच्या वयाला यायलाच काही वर्षं जातात.